खाली वळलेली नळी

"बास, मामा. आणखी घासलं तर हातात नुसती काच राहील," पीएचडी करणारी उत्कर्षा म्हणाली.

"थांबा की मॅडम. माझ्या बोटाला कळतंय."

सोमशेखर कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं दगड घासत आला होता. काचेला चिकटवलेला दगड उजेड आरपार जाईल इतका पातळ करायचा. एकही काच बिघडवली नाही याचा त्याला ताठा होता, आणि तो खपवून घेण्याजोगा होता. हा दगड म्हणजे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातली वसाहत: स्पंजासारख्या प्राण्याच्या अंगात प्रवाळाच्या बारीक नळ्या. दोघं जिवंतपणी एकत्र नांदले, की एक मेल्यावर दुसरा आत शिरला, एवढंच उत्कर्षाला शोधायचं होतं. तुकडा हा एकच उरला होता.

सोमशेखरचं चित्त मात्र घरी होतं. बायकोला, कस्तुराबाईला, जाऊन अकरा महिने झाले होते. लेक इंद्रायणी त्याला पुण्याला कायमचं बोलावत होती. आज हो-नाही कळवायचं होतं. पण कस्तुरा अजून घरातच आहे असं त्याला वाटे. पहाटे माठावरचं झाकण वाजे, अंथरुणाची दुसरी बाजू कोमट लागे. लोकांनी वेड्यात काढलं असतं, म्हणून तो कुणाला बोलला नव्हता.

उत्कर्षानं सूक्ष्मदर्शकात पाहिलं. "जिवंतच होते दोघं. बघा, स्पंजाचे थर नळीला सांभाळून वर वळलेत."

त्यानं डोळा लावला. थर एका काळ्या रेघेशी थांबले होते. पुढे नळ्या एकट्याच गेल्या होत्या.

"हितं काय झालं?"

"स्पंज मेला. नळ्या थोडा काळ जगल्या. वर्षभर, फार तर."

त्यानं काच केसभर सरकवली. शेवटची नळी वर गेलीच नव्हती. ती वळून रेघेखाली, मेलेल्या थरांत उतरली होती, आणि तिथले थर तिला वाट देत बाजूला झुकले होते.

उत्कर्षानं पुन्हा डोळा लावला. "असं होत नाही," ती हळूच म्हणाली. "मेलेले थर हलत नाहीत, मामा."

सोमशेखरला नवल वाटलं नाही. उलट अकरा महिन्यांत पहिल्यांदा हायसं वाटलं. व्हरांड्यात जाऊन त्यानं लेकीला फोन लावला.

"माझं तिकीट काढू नको, बाळ."

"तिथं एकटे काय करणार, आप्पा?"

"एकटा कुटं हाय," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी जाताना त्यानं दोघांपुरती कडक भाकरी घेतली.