काळ्या कापडातला गाभा

मित्रांनो, मी एक फुटका गाभा आहे. फुटका म्हणण्यापेक्षा अर्धा म्हणा, कारण माझा दुसरा अर्धा तुकडा लीलिंगच्या एका टेकडीवर मातीत गेला.

तुमच्या करंगळीच्या नखावर मी आरामात मावेन. रंगाने पांढरा, हाताला खरखरीत. वाफ ओढायच्या नळ्या तुम्ही पाहिल्या असतील. मोठी माणसं त्या तोंडाला लावतात आणि गोड वासाचे ढग सोडतात. त्या नळीच्या पोटात, कुणाच्या नजरेला न पडणारा, भाजलेल्या मातीचा एक तुकडा असतो. तो मी. माझ्या अंगाला इतकी बारीक छिद्रं आहेत की ती भिंगाशिवाय दिसत नाहीत. त्यांतून नळीतला रस झिरपतो, वरच्या तापलेल्या पत्र्याशी पोचतो आणि त्याची वाफ होते. हे काही छाती फुगवून सांगावं असं काम नाही, एवढं मलाही कळतं. पण जिने मला घडवलं तिचं काम तसं होतं, म्हणून आज तोंड उघडतो आहे.

माझा जन्म चीनमधल्या शेनझेन शहराच्या शाजिंग भागातला. तिथे गल्लोगल्ली या नळ्यांचेच कारखाने. कुणी बॅटऱ्या जोडतं, कुणी नळ्या ओततं, कुणी रस मिसळतं. आमचा कारखाना लिआओ शेठचा, चौथ्या मजल्यावर, शेवयांच्या खानावळीच्या डोक्यावर. गाभे बनवायचं सगळं काम निए पेइलान नावाच्या बाईंकडे होतं. त्या लीलिंगच्या. ते गावच चिनी मातीच्या भांड्यांचं, आणि त्यांचे वडील जन्मभर तिथल्या भट्टीवर राबलेले. माती दळता दळता तीच धूळ म्हाताऱ्यांच्या छातीत जाऊन बसली होती. फोनवर बोलताना एकेका वाक्यात त्यांना दम खायला थांबावं लागायचं, आणि पेइलानबाई फोन कानाला लावून मुकाट वाट पाहायच्या.

आम्हा गाभ्यांची जात दोन थरांची. खालचा थर मोठ्या छिद्रांचा, रस भराभर पिणारा. वरचा बारीक छिद्रांचा, आच सांभाळणारा. गोम अशी की भट्टीत दोघे सारखे आकसत नाहीत. एक जास्त आखडतो, एक कमी, आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी भेग पडते. वरून ती दिसत नाही. पण गाभा पुन्हा पुन्हा तापला आणि निवला की त्या भेगेतून पांढरी पूड सुटते आणि वाफेबरोबर ओढणाऱ्याच्या छातीत उतरते. ओढणाऱ्याला फक्त आंब्याचा नाहीतर पुदिन्याचा वास येतो.

पेइलानबाईंच्या टेबलावर नेहमी एक काळं कापड अंथरलेलं असायचं. भट्टीतून निघालेला गाभा त्या तापवायच्या, निववायच्या आणि चिमट्यात धरून त्या कापडावर आपटायच्या. पांढरा ठिपका दिसला की सगळी खेप कचऱ्याच्या बादलीत. लिआओ शेठ ते बघून कपाळाला हात लावायचा.

"बाई, ओढणाऱ्यांची काही तक्रार नाही. गल्लीतल्या कुणाची नाही. एवढ्याशा पुडीने तुम्हालाच कसा खोकला येतो हो?"

"मला नाही येत, शेठ. माझ्या बाबांना येतो," पेइलानबाई म्हणायच्या आणि पुढचा गाभा उचलायच्या.

शेवटी त्यांना उपाय सापडला. दोन्ही थरांची भाजलेली माती दळून त्यांनी ती पूड एकत्र कालवली आणि दोघांच्या मध्ये एक तिसरा, कागदाहून पातळ थर दिला. या बाजूचंही थोडं ऐकणारा आणि त्या बाजूचंही. भट्टीही घाईने उघडली नाही, तिला तिच्या चालीने निवू दिलं. त्या खेपेत मी निघालो. बाईंनी मला आपटलं, तापवलं, परत आपटलं. कापड काळंच राहिलं. त्यांनी खुर्ची मागे सारली आणि कितीतरी वेळ त्या नुसत्या माझ्याकडे बघत बसल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सुख म्हणाल तर ते तेवढंच.

त्यांच्या घरात एक रीत होती. नव्या मातीची भट्टी उघडली की पहिला नग फोडायचा आणि त्याची फुटलेली बाजू घरातल्या वडीलधाऱ्याला दाखवायची. वरून चकाकणारं काय कुणीही दाखवेल, आत काय आहे ते दाखव, असं म्हातारे निए, म्हणजे बाईंचे वडील, म्हणायचे. म्हणून बाईंनी मला मधोमध चिरलं. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं नाही. इतक्या काळजीने कुणी मला पुन्हा हात लावला नाही. चिरलेली बाजू घासून त्यांनी भिंगाखाली धरली, फोटो काढला आणि फोनवर, जिथे सगळ्या ओळखीपाळखीच्यांना दिसतं तिथे टाकला. बाबांना बोलताना धाप लागायची, पण फोटो बघून दोन ओळी लिहिता यायच्या. माझा दुसरा अर्धा तुकडा त्यांनी कुरिअरने लीलिंगला पाठवला.

थोड्या वेळाने फोटोखाली म्हाताऱ्यांचे शब्द उमटले. "मधला थर नीट बसलाय. दोन्हीकडची भाजकी पूड कालवून लावलीस ना?"

बाईंनी लगेच लिहिलं, "हो बाबा. आणि भट्टी सावकाश निववली."

"चांगलं काम," एवढंच खाली आलं.

लहानपणापासून त्या माणसाने लेकीच्या कामात फक्त खोट काढली होती. ते दोन शब्द पेइलानबाईंनी त्या दिवशी इतक्यांदा वाचले की जेवणाच्या डब्यातला भात तसाच गार झाला.

पुढे लिआओ शेठने पेटंटचा अर्ज केला. पेटंट म्हणजे सरकार देतं तो हक्क, की ही युक्ती यांची, यांना विचारल्याशिवाय दुसऱ्याने ती वापरायची नाही. एका मोठ्या कंपनीने शेठला सांगून ठेवलं होतं की हक्क मिळाला तर आमच्या सगळ्या नळ्यांत तुमचाच गाभा बसवू, नाही मिळाला तर बाजारात स्वस्त गाभे ढिगाने पडलेत. पेइलानबाईंना त्या कंपनीच्या पैशाशी फारसं देणंघेणं नव्हतं. हक्क मिळाला की सावकाश निवणारी भट्टी चालू राहणार आणि काळं कापड टेबलावर राहणार, एवढंच त्यांना हवं होतं.

पण असा हक्क मिळायला युक्ती नवी लागते. नवी म्हणजे अर्ज करायच्या आधी चारचौघांना माहीत नसलेली. आणि अर्ज गेला तो फोटोनंतर. शाजिंगमध्ये कुणाशी नुसता हात मिळवला तरी आधी फोनवर एकमेकांना जोडून घ्यायची पद्धत. त्यामुळे बाईंच्या ओळखीपाळखीत अर्धी गल्ली होती. त्यातल्याच एका शेजारच्या कारखानदाराने फोटो आणि खालच्या ओळींसकट त्या पानाचं चित्र आपल्या फोनवर पकडून ठेवलं आणि योग्य वेळी पेटंटच्या कचेरीत धाडून दिलं.

शेठने वकील गाठला. झुआंग त्याचं नाव. माणूस हुशार आणि हसरा. त्याने ते चित्र बघितलं आणि तो चुकचुकला.

"नुसता फोटो असता ना, तर मधली ती रेघ उजेडाची चमक आहे म्हणून मी निभावून नेलं असतं. पण तुमच्या वडिलांनी खाली अख्खी कृतीच लिहून ठेवलीये. वर तुम्ही हो म्हणालात. आता एक करा बाई, हे पुसून टाका. आत्ता, माझ्यासमोर."

"घरी गेल्यावर पुसते," पेइलानबाई म्हणाल्या.

"घरी कशाला? एका बोटाचं काम आहे."

"पुसते म्हटलं ना."

त्याच हिवाळ्यात म्हातारे निए गेले. बाई गावी जाऊन आल्या त्या केसांत सुतकाची पांढरी फीत लावून. माझा दुसरा अर्धा तुकडा त्यांना वडिलांच्या चहाच्या डब्यात सापडला होता, आणि तो त्यांनी अस्थींबरोबर टेकडीवर पुरला होता. आता जगात मी एकटाच अर्धा उरलो. वडिलांचा आवाज फोनवर कुठे साठवलेला नव्हता, कारण धाप लागते म्हणून ते आवाज पाठवतच नसत. हातचं लिहिलेलंही काही नव्हतं. होत्या त्या फक्त फोटोखालच्या ओळी.

मग पेटंटच्या कचेरीतल्या परीक्षकाने भेटीला बोलावलं. कचेरी दुसऱ्या शहरात होती. बाईंनी मला काळ्या कापडाच्या घडीत ठेवून पिशवीत घातलं. वाटेत झुआंग वकिलाने विचारलं, "पुसलंत ना?" बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. त्याने ते हो असं धरलं.

परीक्षकाचं नाव यान. चाळिशीचा, डोळे चोळत बोलणारा माणूस. त्याने कापडाची घडी उलगडली, मला चिमट्याने उचलून भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ बघितलं. मग मला परत कापडावर ठेवून हळूच टिचकी मारली. कापड काळंच राहिलं.

"छान आहे हो," तो म्हणाला. त्याच्या तोंडून तो शब्द नकळत सुटला असावा, कारण लगेच त्याने समोरचे कागद सारखे केले. मित्रांनो, मी चांगला आहे का, हे ठरवायला तो बसलाच नव्हता. मी नवा आहे का, एवढंच त्याला ठरवायचं होतं.

झुआंगने बोलायला सुरुवात केली. "साहेब, हल्ली असली चित्रं कुणीही बनवतं. फोटोखाली वाटेल ते लिहून मोकळं."

"खरं आहे," यान म्हणाला. "मूळ पान दिसल्याशिवाय मी यावर भिस्त ठेवणार नाही." त्याने पेइलानबाईंकडे बघितलं. "तुमच्या फोनवर असं काही आहे का? नसेल तर नाही म्हणा. मी हा कागद बाजूला ठेवतो आणि पुढे जातो."

सुटकेचं दार सताड उघडं होतं. बाईंनी फक्त मान हलवायची होती. झुआंग टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघून हसला. मी त्या कापडावर पडून होतो आणि मला मान असती तर मीच ती हलवली असती.

"आहे," पेइलानबाई म्हणाल्या.

झुआंगच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथेच थिजलं. "बाई, अहो काय बोलताय? तुम्ही पुसलं होतं ना?"

"नाही पुसलं." त्यांनी फोन काढला, ते पान उघडलं आणि टेबलावर ठेवला. "माझे बाबा गेले, साहेब. जन्मात एकदा ते मला चांगलं काम म्हणाले. ते म्हणालेच नाहीत, असं मी कोणत्या तोंडाने सांगू?"

यानने फोनला हात लावला नाही. वाकून वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "हे दाखवलं नसतंत तर..." एवढं म्हणून तो थांबला. मग त्याने विचारलं, "हक्क नाही मिळाला तर हाच गाभा बनवत राहाल का?"

"ते शेठ ठरवतील."

"हं," तो म्हणाला. "तो विचार माझ्या कामात बसत नाही." आणि त्याने मला कापडाच्या घडीत ठेवून घडी त्यांच्या हातात दिली.

अर्ज नामंजूर झाला. निकालात लिहिलं होतं की त्या कामातल्या एका जाणकाराने नुसता फोटो बघून मधला थर आणि तो लावायची रीत ओळखली, तेव्हा ती जगाला आधीच उघड झाली होती. जाणकार म्हणजे म्हातारे निए. ज्या माणसाला जिवंतपणी कुणी साधं प्रमाणपत्र दिलं नाही, त्याला सरकारने जाणकार म्हटलं ते लेकीचं काम बुडवताना. बाईंनी ती ओळ मोठ्याने वाचली, आणि पहिल्यांदाच मी त्यांना रडताना ऐकलं.

मोठ्या कंपनीने स्वस्त गाभे घेतले. युक्ती सगळ्यांना मोकळी झाली होती, पण ती कुणीच उचलली नाही. सावकाश निवणारी भट्टी कुणाला परवडते? ज्या शेजाऱ्याने चित्र धाडलं त्यालाही मधला थर नको होता. लिआओ शेठला हक्क मिळू नये, एवढंच त्याला हवं होतं, बस. मग आमच्या शेठनेही ती भट्टी विकली आणि एके दिवशी बाईंच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"उद्यापासून दोनच थर. आणि हे कापड काढा आता."

"कापडाने काय घोडं मारलंय, शेठ?"

"बाई, मला पोरं आहेत, माझं घर तुमच्या कामावर चालतंय. कापड अंथरलं की ठिपके दिसतात. ठिपके दिसले की तुम्ही खेप फेकता. नका बघू. गल्लीत कोण बघतंय?"

पेइलानबाईंनी कापड झटकलं, घडी केली, मला आत ठेवलं आणि घडी आपल्या खणात सारली. नोकरी सोडून जातील असं मला वाटलं होतं. पण वडिलांच्या आजारपणात घरातला पैसा संपला होता, आणि या वयात दुसरी भट्टी कोण देणार. त्या आता दोन थरांचे गाभे बनवतात. टेबल पांढरं आहे, त्याच्यावर पूड पडली तरी दिसत नाही. अलीकडे दुपारच्या वेळी मला खणात त्यांचा खोकला ऐकू येतो. एका वाक्यात त्या दम खायला थांबतात.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या हातात उद्या अशी नळी कुणी देईल. म्हणेल, नुसती वाफ आहे, पुदिन्याचा वास आहे. ती घेऊ नका. आणि तुमच्या घरातलं कुणी ती ओढत असेल, तर तिच्या पोटात काय आहे ते एकदा विचारा. कुणी सांगणार नाही, तरी विचारा. विचारणारं कुणी नाही म्हणूनच कापडं घडी होऊन खणात जातात.

मी अजून इथेच आहे. अंधारात, अर्धा, त्याच घडीत. खण ओढला की दरवेळी थोडा आपटतो. माझ्या अंगचा एक कणही सुटलेला नाही. कापड अजून काळंच आहे.