उत्पलाचा डावा हात

खटकचिंचोळीत धनराजच्या खत-बियाण्याच्या दुकानावर एक खोली आहे. दर रविवारी दुपारी तिथं चार मोठी माणसं टेबलाभोवती बसून राक्षस मारत असत. ही मंडळी पत्ते खेळतात आणि लाजेपोटी भलतंच काहीतरी सांगतात, असं गावाचं मत होतं.

हे वेड आणलं शिवराजनं. तो धनराजचा धाकटा चुलतभाऊ, बेंगळुरूच्या कंपनीत कामाला. लॉकडाऊनमध्ये घरून काम करायला गावी आला, तो इथलाच झाला. त्याच्या या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि वार लागला की चुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. गोष्ट सांगणाऱ्याचा शब्द शेवटचा, असं नियमांच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. पण खोली धनराजची होती, पंखा धनराजचा होता आणि चहाही त्याच्याच दुकानातून वर यायचा. खेळाच्या जगात शिवराज देव होता खरा, पण भाडेकरू देव.

धनराज खेळात रणधीर नावाचा सरदार होता. पोलादी चिलखत, भलीमोठी ढाल, आणि विचार करण्याआधी पुढं धावायची सवय. त्याचा मेव्हणा शरणबसव तिरंदाज होता. तो दुकानात दाजींच्या होला हो करायचा आणि खेळातल्या भुयारातही तेच करायचा. चौथी पंचशीला. ती भालकीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची, शिवराजची शाळेतली वर्गमैत्रीण. रविवारची ही दुपार तिला प्रिय होती, कारण आठवड्यातल्या एवढ्याच वेळात तिला कुणी लग्नाबद्दल किंवा पेपर तपासण्याबद्दल विचारत नसे.

या खेळात सहसा एका पाळीत एकच गोष्ट जमते. तलवार चालवा, नाहीतर मंत्र टाका. पण दोन्ही एकाच पाळीत करणारी माणसंही पुस्तकात होती. त्यांना जड चिलखत मिळत नाही, मोठे मंत्र येत नाहीत आणि एक हात कायम मोकळा ठेवावा लागतो, कारण मंत्र म्हणजे हवेत बोटांनी काढायची नाजूक खूण. पंचशीलानं उन्हाळ्याची अख्खी सुट्टी घालून अशी एक बाई घडवली. काय मिळतं आणि काय गमवावं लागतं याचा हिशेब तिनं तीनदा तपासला. नाव ठेवलं उत्पला.

उत्पला पहिल्याच लढाईत एका पाळीत तलवार चालवून वर आगही टाकून मोकळी झाली. धनराजला ते बरं वाटलं नाही. त्यानं आधी हे अती होतंय म्हणून पाहिलं. शिवराजनं पुस्तक वाचून दाखवलं. मग त्यानं तलवार कुठल्या हातात असते ते विचारलं. उजव्या, पंचशीला म्हणाली. ती स्वतः डावखुरी होती. नाजूक काम डाव्या हातानं करायचं, हे तिच्या दृष्टीनं उघड होतं.

धनराजनं कप खाली ठेवला. "म्हणजे मंत्र डाव्या हातानं म्हणायलाव? म्याडम, ते अशुद्ध असतंय."

त्या जगात बोलणारे बोकड होते. मेलेली माणसं उठून चालायची, नऊ तोंडांची पाल दारात राखणीला बसायची. हे सगळं धनराजनं कधी एक शंका न काढता पचवलं होतं. त्याच्या घशाखाली उतरला नाही तो फक्त डावा हात. शरणबसवला दाजींचं पटलं. शिवराजनं पंख्याकडं बघितलं आणि नियम केला: मंत्र उजव्या हातानंच. वर पंचशीलाला बाजूला घेऊन समजूतही घातली, की हात बदलून टाक, उत्पलाचं काय जातंय?

डोक्यावरचा तो पंखा कुठल्या दिशेनं फिरावा, हे ठरवणारा फिजिक्सचा नियम ती दरवर्षी वर्गात डाव्या हाताच्या तीन बोटांवर शिकवायची. ते तिनं सांगितलं नाही. शुद्ध-अशुद्ध हा शब्द तिच्या घरात फार जुन्या ओळखीचा होता. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तो उंबऱ्याबाहेर ठेवला होता. त्याला राक्षसांच्या गोष्टीतून घरात घ्यायची तिची इच्छा नव्हती. तिनं हात बदलला नाही. तेव्हापासून उत्पला नुसतीच तलवार चालवू लागली, म्हणजे चिलखत नसलेली एक साधी सैनिक झाली. नियम उठला नाही तर या भुयारानंतर यायचं नाही, असं पंचशीलानं मनाशी ठरवलं होतं. शिवराजला तसं सांगितलंही होतं. त्यावर तो बघू म्हणाला होता.

त्या भुयाराच्या तळाशी दगडाचा राक्षस निघाला. रणधीर नेहमीसारखा सगळ्यांच्या आधी धावला आणि एका फटक्यात आडवा झाला. पडलेल्या माणसासाठी फासे टाकतात. तीन वाईट पडले की तो मेला. मेलेल्या पात्राची सगळी माहिती लिहिलेला कागद तिथंच फाडायचा, ही पद्धत धनराजनंच घातलेली, दुसऱ्या कुणाचा तरी कागद फाडला जात असताना. रणधीरचे दोन फासे वाईट पडले. शरणबसवचे बाण संपले होते. राक्षसानं रणधीरला चिरडायला पाय उचलला आणि उत्पलानं मध्ये शिरून तो पाय तलवारीवर तोलून धरला.

"पंचशीला, तुझी पाळी," शिवराज म्हणाला.

"उजव्या हातात तलवार हाय. ती काढली की पाय खाली येतो," ती शांतपणे म्हणाली. "रणधीरला उठवायचा मंत्र मला येतो. डावा हात मोकळा हाय. पण तो चालत न्हाई."

धनराजनं तलवार डाव्या हातात घ्या की म्हणून सुचवलं. शिवराजनं नाइलाजानं सांगितलं, की हात बदलण्यात पाळी जाते. धनराजनं रणधीरच्या कागदावर हात ठेवला. दोन वर्षं त्यानं तो प्लास्टिकच्या पिशवीत जपला होता. दुकानाचं लायसनही इतकं जपलं नव्हतं.

"औषधाला चालतंय तसं," तो म्हणाला. "जीव वाचवायचा म्हणजे औषधच की."

"औषधाची बाटली न्हाई, अण्णा. मंत्रच हाय," शिवराज म्हणाला.

"मग संकटात चालतंय. संकटात सगळंच चालतंय."

"व्हय की दाजी," शरणबसव म्हणाला.

"आणि संकट टळल्यावर?" पंचशीलानं विचारलं.

राक्षस पाय उचलून ताटकळत उभा होता. शिवराज पुस्तकात काहीतरी शोधायचं सोंग करत होता.

"फक्त आजच्यापुरता मी मंत्र म्हणणार न्हाई," पंचशीला म्हणाली. "डावा हात चालतो का न्हाई, तेवढं सांगा."

धनराजनं खिडकीतून बाहेर बघितलं, मग मेव्हण्याकडं बघितलं. या खेपेला कशाला हो म्हणायचं ते मेव्हण्याला कळेना.

"चालतो," धनराज पुटपुटला.

"कुणाचा?"

"कुणाचा बी चालतो, म्याडम. टाका आता."

तिनं डाव्या हातानं फासा टाकला. सतरा आले. फाशानं हाताची चौकशी केली नाही.

रणधीर उठून बसला. उत्पलाचे आभार मानायची त्याला आठवण झाली नाही. ढाल कुठं पडली तेवढं त्यानं विचारलं. मग उजव्या हाताचा तो नियम आता कायमचा काढला असं समजायचं का, असं शिवराजनं जपून विचारलं.

"नियम कसला?" धनराज कागद पुन्हा पिशवीत घालत म्हणाला. "मी नुसतं इचारलो हुतो. तुम्हीच मनाला लावून घेतलाव."

मंत्र झाला होता, पण त्याच पाळीतला उत्पलाचा वार अजून बाकी होता. पंचशीलानं फासा पुन्हा उचलला.