नवमीच्या दुपारी ब्रेक

आश्विन उतरला होता पाचगणीवर. सोनसळी, स्वच्छकिरण, निरभ्र आश्विन. पावसाने धुऊन काढलेल्या कड्यांवर सोनकीची पिवळी फुलं दाटीवाटीने उभी होती आणि त्या पीतवर्ण पसाऱ्यातून पसरणीचा घाट वळणं घेत घेत वाईकडे उतरत होता. अच्युतराव पाच वर्षं तो घाट उतरत होते, पण वाईत गाडी थांबवत नव्हते.

वाईत त्यांची लेक मैथिली राहत होती, शाळेची व्हॅन चालवणाऱ्या दयानंदची बायको होऊन. लग्न तिने स्वतःच्या मनाने केलं. तेव्हा रागाच्या भरात अच्युतराव बोलून गेले होते, त्या घराचा उंबरा मी ओलांडणार नाही. निवृत्त मास्तरांचा शब्द तो. पुसायची कुणाची छाती?

आता मैथिलीला आठवा महिना लागला होता. दसऱ्याला तिला माहेरी आणायचं ठरलं, आणि मास्तरांनी मोठी अक्कल चालवून तोडगा काढला. गाडी दारापुढे उभी करायची, हॉर्न वाजवायचा, लेक बसली की निघायचं. खाली उतरायचंच नाही. शब्दही राहील, लेकही येईल.

पण गाडीच किंचाळू लागली. ब्रेक दाबला की चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा कर्कश, काळीज कातरणारा आवाज. पॅड झिजून संपले होते. अच्युतरावांनी नवे पॅड मागवले, जॅक मागवला, उचललेली गाडी तोलून धरायची घोडी मागवली, पाने मागवले, पिस्टन मागे दाबायचा शिकंजाही मागवला. मेकॅनिककडे जातील तर ते मास्तर कसले!

सामान आलं ते खंडेनवमीच्या तोंडावर. नवमीच्या पहाटे त्यांच्या पत्नी शालिनीबाईंनी ते सगळं पाटावर मांडून पुजलं. हळदीकुंकू, अक्षता, झेंडूची फुलं.

"आज हत्यारं उचलायची नसतात हो," त्या म्हणाल्या.

"उद्या घाट उतरायचाय. आज नाही तर केव्हा?" असं म्हणून मास्तरांनी फुलं बाजूला ठेवली, पॅडवरचं कुंकू फडक्याने पुसलं आणि बाह्या सरसावल्या.

दुपार सोन्यासारखी तापली होती. चाक निघालं. चकाकणारी, गोलवर्तुळी, चरे पडलेली डिस्क उघडी पडली. पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचा बोल्ट सुटला, जुने पॅड निघाले, पापडासारखे पातळ. शिकंजा आवळताच पिस्टन हळूहळू, रुसलेल्या माणसासारखा मागे सरला. नवे पॅड बसले. दोन्ही चाकांना बसले. मास्तर घामाने निथळत होते आणि मनातून स्वतःवर बेहद्द खूश होते.

पेडल चारदा दाबून त्यांनी ते घट्ट करून घेतलं आणि गाडी समोरच्या उतारावर काढली. ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. घसरत, रेंगाळत, फाटकापर्यंत गेली आणि हँडब्रेक ओढल्यावर कशीबशी उभी राहिली.

चुकलं कुठे?

पुन्हा जॅक, पुन्हा पाना, पुन्हा चाक. आतला पॅड आतच होता, बाहेरचा बाहेर. पिस्टन ठीक होता, ब्रेक-तेलाची नळी कुठे गळत नव्हती. सगळं बरोबर होतं आणि गाडी थांबत नव्हती. पुन्हा बसवलं, पुन्हा उतारावर नेली, पुन्हा तेच. उन्हं कलली, सोनकीच्या पिवळ्यावर केशरी चढलं, आणि अच्युतराव अंगणात पाना हातात धरून बसून राहिले. चुकलं कुठे? पॅडचं चुकलं, की आपलं? आज चुकलं, की पाच वर्षांपूर्वी? त्यांना काही म्हणता काही उमगेना.

शालिनीबाई चहा घेऊन आल्या. पॅडकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, पान्यांना लावलं तसं यांनाही मी तेल लावलं होतं. गोडं तेल. चांगलं चोळून."

"ब्रेकला? तेल?"

"घाटात तुम्हा बापलेकीला काही होऊ नये म्हणून."

मास्तरांना राग आला, हसू आलं, रडूही आलं. नेमकं काय आधी आलं ते त्यांना कळेना. तेल प्यालेले पॅड आता निरुपयोगी होते, जुने लोखंडापर्यंत झिजलेले होते, आणि नवे मिळायचे तर दुकान दसरा झाल्यावर उघडणार होतं. मैथिलीला कळवू का, नंतर येतो म्हणून? शालिनीबाईंनी विचारलं. मास्तरांनी हातातला पाना खाली ठेवला. मग त्यांनी मान हलवली. नको म्हणाले.

दसऱ्याच्या सकाळी ते लाल बसने घाट उतरले. हॉर्न नाही, काच नाही, आड लपायला गाडी नाही. गणपतीच्या आळीतून विचारत विचारत ते दयानंदच्या दारापाशी पोचले आणि वाटेत जुळवलेलं वाक्य तिथे साफ विसरले. दयानंद आपट्याची पानं घेऊन बाहेर आला, वाकला, पान त्यांच्या हातात ठेवलं.

"माझ्या गाडीचे ब्रेक गेलेत," अच्युतराव कसेबसे म्हणाले. "तू... तुम्ही सोडाल का आम्हाला वर? व्हॅनमधून?"

"सोडतो की, बाबा. आधी आत तर या."

मास्तरांनी खाली पाहिलं. उंबरा होता, साधा, लाकडी, दोन बोटं उंचीचा. पाच वर्षं तो त्यांना कड्याएवढा वाटत आला होता. आणि आतून मैथिली येत होती. जडपावली, मंदगती, एक हात कमरेवर, एक हात भिंतीवर. एक पाऊल टाकत होती, थांबत होती, श्वास घेत होती, पुन्हा एक पाऊल टाकत होती.

अच्युतरावांनी एक चप्पल काढली, दुसरी काढली. लेकीला आणखी चालावं लागू नये म्हणून, ती दाराशी पोचायच्या आधीच, ते आत गेले.