मागची चाकं मोठी झाली तेव्हा

सौंदडला तलावाच्या पाळीखाली टिनाच्या शेडमध्ये मातकट रंगाची जीप उभी दिसते ना मित्रांनो, ती मी. जन्म दूरच्या कारखान्यातला, पण आयुष्य म्हणावं असं जे काही मिळालं ते खेमराजभाऊंच्या घरी. धानाची पोती, बाळंतिणी, सासरी निघालेल्या मुली, सगळ्यांना मी वाहिलं. मला चालवायचा लखनलाल. त्याचा हात इतका हलका की चढावर गिअर कधी बदलला ते मलाही कळायचं नाही.

खेमराजभाऊंचा मुलगा योगराज. मित्राच्या वरातीत आपली गाडी उठून दिसावी म्हणून त्याने गोंदियाहून मला मागे मोठी, रुंद चाकं बसवून आणली. पुढची जुनीच राहिली. माझी पाठ उंच झाली, नाक खाली झुकलं. वरातीत पोरांनी माझ्यासोबत फोटो काढले, पण मला त्या चाकांचा पहिल्यापासून संशय होता. त्यांचा एक फेरा पूर्वीपेक्षा लांब पडायचा. माझं मीटर अंतर मोजतं ते मागच्या चाकांच्या फेऱ्यांवरून. फेरे कमी झाले, तसं मीटरही कमी दाखवू लागलं. डिझेल मात्र पूर्वीएवढंच लागायचं, जड चाकांमुळे थोडं जास्तच. हे सांगायला मला तोंड कुठे होतं?

घरचा व्यवहार खेमराजभाऊंच्या पत्नी, मनकर्णाबाई पाहायच्या. त्यांनी योगराजला विचारलं, "गाडीचा ॲव्हरेज एकदम कसा पडला रे?"

"मले काय माहीत? गाडी तं लखनच चालवते."

तेवढ्या एका वाक्याने घराची नजर बदलली. लखनलाल कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहाला थांबला, तरी कोणीतरी येऊन सांगायचं. झाकण कोणी उघडलं तर कळावं म्हणून बाईंनी टाकीच्या झाकणावर चुन्याचा ठिपका लावून ठेवला. ठिपका जागचा हलला नाही, तर त्यांना वाटलं, हा खालून नळीने काढत असेल. त्याच्या कपड्यांना डिझेलचा वास आला की त्या खेमराजभाऊंकडे पाहायच्या. इतकी वर्षं तोच वास त्यांना कधी खटकला नव्हता.

शेवटी एका सकाळी त्यांनी त्याला अंगणातच गाठलं. "काऊन जी लखन, डिझल कोठी मुरून राहिलं?"

लखनलालचा चेहरा उतरला. "बाई, तुमाले माह्यावर शंका हाये?"

त्याने खेमराजभाऊंकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत राहिले. लखनलालने किल्ली ओट्यावर ठेवली आणि पायीच निघून गेला.

पुढच्या आठवड्यात बिरसीच्या विमानतळावरून पाहुणे आणायचे होते. माहेरी आलेली थोरली मुलगी पुष्पांजली मला चालवायला बसली, शेजारी मनकर्णाबाई. बरंच अंतर गेल्यावर ती म्हणाली, "आई, हे मीटर मागं पडून राहिलं. रस्त्याच्या दगडांवर जास्त किलोमीटर दिसते, इथं कमी."

"बिघडलं असंल."

पुष्पांजलीने मला कडेला उभं केलं आणि खाली उतरून वाकून पाहिलं. "मागची चाकं कोणं बदलली?"

"योगराजनं. वरातीच्या वेळेस."

"अन् ॲव्हरेज कवा पडला?"

बाईंनी मागच्या चाकांकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "तवापासूनच."

त्याच संध्याकाळी योगराजने स्वतः घाम गाळून माझी जुनी चाकं परत बसवली. दुसऱ्या दिवशी मीटरचे आणि रस्त्याच्या दगडांवरचे आकडे बरोबर जुळले. मग मला घेऊन सगळे लखनलालच्या दारी गेले. त्याच्या बायकोने, सुखवंताने, पाणी दिलं.

"चुकलो लखन," खेमराजभाऊ म्हणाले. "चाल, गाडीवर ये."

लखनलाल शांतपणे म्हणाला, "गाडीवर माहा राग नाही जी. पण उद्या आणखी काही कमी पडलं, तं तुमी पयले माह्याचकडे पाहाल."

तो आता कोहमाऱ्याला दुसऱ्याचा ट्रक चालवतो.

म्हणून सांगते मित्रांनो, गाडीला चाकं बसवाल तेव्हा मापं पाहून, जुळवून बसवा. घरात कधी काही कमी पडलं, तर आधी खाली वाका, यंत्र तपासा. माणसाकडे बोट दाखवायचं सगळ्यात शेवटी ठेवा. बहुतेक वेळा ती पाळी येणारच नाही.