टपावरचं झाकण

मुरुमच्या शिवलिंगप्पा आडत्यांकडं एक विलायती मोटार होती आणि तिच्या टपात एक सरकतं झाकण होतं. निजामी गेली तेव्हा हैदराबादच्या कुण्या जहागीरदारानं विकून टाकलेली ही गाडी. झाकण मागं सारलं की डोक्यावर आभाळ. आमच्याकडच्या उन्हात छपराला भोक पाडून हिंडायची हौस कुणाला असणार? पण मुरुमकरांनी त्याचा उपयोग बरोबर शोधून काढला. लग्नाची वरात.

कारण बाशिंग. नवरा-नवरीच्या कपाळावर वीतभर उंच बाशिंग एकदा बांधलं की वरात मारुतीला जाऊन येईपर्यंत ते सोडायचं नाही. बंद मोटारीत ते मावायचं कसं? या गाडीत झाकण पार मागं सारलं की दोघं मागच्या बैठकीपुढं उभे राहत, बाशिंगासकट छातीपर्यंत बाहेर निघत. अर्धवट उघडून भागत नसे, कारण अर्धवट उघडलं तर ते नुसतं ड्रायव्हरच्या डोक्यावर उघडायचं.

तो ड्रायव्हर म्हणजे बब्रुवान. पेठेतल्या कितीतरी सावकारांच्या लेकी त्यानं अशा मिरवून आणल्या होत्या. आता त्याच्या स्वतःच्या लेकीचं, कडूबाईचं लग्न उद्यावर आलं होतं. आधीची दोन लेकरं गेली, हिला तरी नजर लागू नये म्हणून कडू हे नाव. त्या नावावरनं पोरी चिडवायच्या आणि ती रडत घरी यायची, तेव्हा बब्रुवान सांगायचा, "तुजी वरात अप्पांच्या मोटारीतनं काडतो. सारी पेठ बगत राहील." अप्पांनी गाडी खुशीनं दिली होती. नवऱ्याच्या मामानं मात्र आपली बैलगाडी सजवून ठेवली होती, आणि "मोटारीचं लई ऐकलंय, बगू तरी," असं तो येता-जाता सुनवत होता.

हळदीच्या दिवशी घरापुढं गाडी धुऊन बब्रुवाननं झाकण ओढलं. ते चार बोटं सरकलं आणि अडलं.

पत्रा वाकला असेल म्हणून त्यानं खालून हात फिरवला. पत्रा सरळ होता. झाकण ज्या दोन खाचांतनं सरकतं, त्यांत धूळ असेल म्हणून कुंच्यानं झाडून काढली. मूठ धरून हिसके दिले, खांदा लावून रेटलं. मग त्यानं नेहमीचं औषध काढलं, तेलाची बुधली. दर अमावास्येला गाडीपुढं नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि दोन्ही खाचांत करडीच्या तेलाची धार सोडायची, हा त्याचा नेम होता. गाडी म्हणजे लक्ष्मी. तिला घरात खातो तेच तेल, ते काळं ग्रीस कशाला? यात भक्ती होती, तशी थोडी मिजासही होती. आज त्यानं दुप्पट तेल सोडलं. झाकण ढिम्म हललं नाही.

शिवलिंगप्पा येऊन बघून गेले. "सोलापूरचा मिस्त्री काय उद्याच्याला येत न्हाई, बब्रुवान. मामाची बैलगाडी हायच की." ते चांगल्या मनानं बोलले. मामाचं तोंड एक वेळ झाकता आलं असतं. लेकीला काय सांगायचं हे त्याला सुचेना.

लेक उंबऱ्यातनं सगळं बघत होती. हळद लागलेली, त्यामुळं बाहेर पडायला बंदी. शेवटी तिला राहवलं नाही. आई, दगडाबाई, ओरडत राहिली आणि ही मोटारीच्या दाराखालच्या फळीवर चढून खाचेत नख घालून मोकळी. नखात पिवळट, चिवट सालपट आलं.

"आबा, ह्ये कढईच्या कानाला बसतं तसलं हाय," कडूबाई म्हणाली. "करडीच्या तेलाचं. वरनं आनिक तेल सोडलं की आनिक थर बसतोय. म्या रोज घासते की."

बब्रुवाननं ते सालपट बोटांत चोळून पाहिलं. करडीच्या तेलाचं रोगण होतं, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? बापाच्या मोटेच्या चामड्याला त्यानंच लहानपणी ते चोळलं होतं. पण भक्ती डोक्यात शिरली की अक्कल दाराबाहेर उभी राहते. इतकी वर्षं दर अमावास्येला तो आपल्याच हातानं झाकण डकवत आला होता.

कडूबाईनं घासलेटात चिंधी बुडवली, तेवढ्यात दगडाबाईनं तिचा दंड धरला. "नवरीच्या अंगाला घासलेटाचा वास मारंल. आत हो." मग लेक उंबऱ्यात बसून सांगत राहिली आणि बाप करत राहिला. चिंधी खाचेत दाबून ठेवायची, थर मऊ पडला की उलथन्यानं खरवडायचा, पुन्हा चिंधी. दिवस कलायला लागला तेव्हा झाकण एका ओढीत पार मागं गेलं. कडूबाई हसली आणि बब्रुवानला रडू आलं. हळदीच्या दिवशी बापाला रडू येतं, त्यात लपवायचं काय.

दुसऱ्या दिवशी वरातीच्या वेळी अप्पा म्हणाले, "आज तू नवरीचा बाप. गाडी दुसरा कुनी हाकंल. तू फेटा बांदून म्होरं चाल."

"अप्पा, लेक दिली दुसऱ्याच्या हातात," बब्रुवान म्हणाला. "मोटार न्हाई द्यायचा."

फेटा बांधून तोच बसला. पुढं वाजंत्री, नाचणारी पोरं, मध्येच आडवी येणारी म्हैस. नजर हलवायची सोय नव्हती. आरशात डोकवावं, तर लेकीच्या हिरव्या लुगड्याच्या निऱ्या आणि जावयाचं धोतर, एवढंच दिसायचं. ज्या वरातीसाठी इतका आटापिटा केला, त्या वरातीत लेक कशी दिसते हे साऱ्या पेठेनं पाहिलं आणि तिच्या बापाला तेवढं दिसलं नाही.

जानवशापाशी ती उतरली, पाया पडली आणि सासरच्या बायकांत मिसळून आत गेली. पुढं चालून आलेली दगडाबाई गाडीला टेकून उभी होती. त्यानं हळूच विचारलं, "कशी दिसत हुती?"

"लई ग्वाड. मामाबी आ करून बगत हुता."

"आन ती? पेठंकडं बगून खूश झाली का?"

"ती कुटली पेठंकडं बगतीया," दगडाबाई म्हणाली. "निघाल्यापासनं खाली तुमच्या फेट्याकडंच बगत हुती. म्या हाका मारल्या, हिकडं बग म्हनून, पर तिची नजर काय हलली न्हाई."