एफ्राईमचं सरळ पातं

दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात ग्लासगोच्या उत्तरेला एवढा बर्फ पडला की सकाळी मेंढ्या विजेच्या तारांवरून चालत आल्या आणि एफ्राईमच्या धुराड्यात डोकावून "कुणी आहे का घरात?" विचारून गेल्या. मेंढ्यांचं नका मानू. पण अँब्युलन्स त्याच्या घराचा चढ चढली नाही, हे मानाच. माझ्या दोस्ताची, एफ्राईम चेऊलकरची, बायको ईवा त्या सकाळी गेली.

लंडनच्या एजवेअरहून त्याच्या लेकीने, टालियाने, फोनवर ठणकावलं, "पपा, पुढच्या विंटरला मी येणार. माझा कार दारापर्यंत आला पाहिजे. नाही आला, तर घर सेल करायचं, नि तुम्ही माझ्याकडे."

एफ्राईमकडे वासराएवढा ट्रॅक्टर होता. त्याला बर्फ ढकलायचं पातं घ्यायला आम्ही दोघं दुकानात गेलो. दोन पाती होती. एक तिरकं वळणारं, बर्फ बाजूला फेकणारं. दुसरं सरळ, पुढचं पुढेच ढकलत नेणारं.

मी म्हटलं, "तिरकं घे. सरळ पातं सगळं ओझं पुढ्यात घेऊन बसतं, तुझ्यासारखं."

"आणि तिरकं फेकणार कुठे? उजवीकडे दगडी बांध. डावीकडे ईवाच्या गूजबेरी."

"झुडपंच ना ती!"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की थर्मासमधला चहा गोठला. सरळ पातं घेतलं.

डिसेंबरात शुक्रवारी बर्फ पडला. टालिया शनिवारी पोचणार होती. एफ्राईमने दारापासून फाटकापर्यंतचा उतार असा साफ केला की त्यावर पोळ्या लाटाव्यात. गूजबेरीच्या काट्यालाही धक्का नाही. फक्त सगळा बर्फ फाटकात साचला; चढायला शेर्पा लागला असता. तो ढीग आता समोरच्या कुरणात ढकलायचा, एवढंच उरलं. पण इथला डिसेंबरचा सूर्य दुपारच्या चहालाही थांबत नाही. तो टेकला, आणि एफ्राईमने किल्ली काढून घेतली.

"अरे, थोडंच राहिलंय!"

"शब्बाथ लागला. आता उद्या तारे दिसेपर्यंत कामाला हात नाही."

"मग मी चालवतो."

"तू माझ्यासाठी केलंस तरी ते माझंच. कोकणात आम्हा ज्यूंना शनवार तेली म्हणायचे. गिऱ्हाईक दारात तिष्ठत राहो, शनिवारी घाणा बंद."

शनिवारी टालिया आली. कौन्सिलने मीठ टाकून बर्फ वितळवलेल्या रस्त्यावरून सुखरूप फाटकापर्यंत आली. ढिगापलीकडून तिची लाल टोपी तेवढी दिसत होती.

"पपा! सगळा रोड ओपन आहे. फक्त आपला गेट तुम्ही स्वतः बंद केला!"

"संध्याकाळी तारे दिसू देत, काढतो."

"आत्ता काढा, मी वेट करते. जीव वाचवायला शब्बाथ मोडतात, तुम्हीच शिकवलं."

"आज कुणाचा जीव जातोय?"

"ममाचा गेला तेव्हा तर शनिवार पण नव्हता!"

एफ्राईम हातमोजे काढून उभा राहिला. लाल टोपी वळली आणि गेली.

तारे उगवले तेव्हा त्याने ढीग हटवला, फाटक सताड उघडलं. त्या साफ रस्त्यावरून पहिली गाडी वर आली ती घरं विकणाऱ्या एजंटची.

एफ्राईम आता एजवेअरला असतो. नव्या मालकाने तिरकं पातं आणलंय. डावीकडे, गूजबेरींवर फेकतं.

मी फोनवर सांगतो, "यंदा गूजबेरी नारळाएवढ्या लागल्यात रे!"

माझ्या इतक्या थापा त्याने जन्मभर हसण्यावारी नेल्या. एवढीच तो खरी मानतो.