एका माणसाचं गाव

साहेबांनी पेन्सिलीचं मागचं टोक नकाशावर टेकवलं आणि म्हणाले, "हे एवढं नाव काढून टाका. मग छपाईला द्यायला आपण मोकळे."

आरेखक खाली वाकला. खरं तर वाकायची गरज नव्हती. नदी जिथे कोपरासारखी दुमडते तिथलं ते नाव त्यानेच काळ्या शाईने लिहिलं होतं, आणि लिहिताना इतर गावांपेक्षा जरा जास्तच वेळ घेतला होता.

"का साहेब?"

"बेचिराख आहे. शिरगणतीत वस्ती शून्य आली. वस्ती नाही त्या गावाचं नाव नव्या नकाशात घ्यायचं नाही, असं वरूनच ठरलंय."

जिल्ह्याच्या माहितीचं मोठं पुस्तक नव्याने निघत होतं. डोंगर, नद्या, राजवटी, पिकं, माणसं, सगळं एका जाड बांधणीत. जुन्या आवृत्तीत या गावाला अर्धं पान मिळालं होतं. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता येईल अशी आसपास ही एकच जागा होती, म्हणून इथून फौजा गेल्या, गुरांचे तांडे गेले, मिठाची ओझी गेली. पावसाळ्यात होड्या चालत. पुढे खालच्या अंगाला पूल झाला आणि रस्ता तिकडे वळला. रस्त्यामागून दुकानं गेली, दुकानांमागून शाळा गेली, आणि शाळा गेल्यावर माणसांना थांबायला कारण उरलं नाही. आरेखकाचे वडील तिथले होडीवाले. पूल झाल्यावर आता काय करणार म्हणून लोक विचारायचे, तेव्हा ते म्हणायचे, "पुलाखालून जाऊन बघेन म्हणतो. वरून कोणी हात तरी करतं का." कोणी हात केला की नाही ते काही कळलं नाही. दोन पावसाळ्यांत ते गेले.

"साहेब, ते यांचंच गाव आहे," शेजारच्या टेबलावरून हेडक्लार्क म्हणाले. त्यांना दुसऱ्याच्या खपल्या काढायची आवड होती. "आपलं गाव आपल्याच हाताने पुसायचं. म्हणजे घरचंच कार्य म्हणा की."

"असं होय?" साहेबांनी पेन्सिल उचलली. "कोणी राहतं का हो तिथे अजून?"

"आई राहते."

"एकटी?"

"हो."

"मग शून्य कसं आलं? एक माणूस राहत असलं तरी गाव ते गावच."

आरेखक नकाशाकडे बघत राहिला. शून्य कसं आलं हे साऱ्या जिल्ह्यात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

शिरगणतीच्या दिवसांत आई त्याच्याकडे होती, मोतीबिंदू काढायला आणलेली. डोळ्यावर पट्टी बांधून आतल्या खोलीत पडून असायची. मोजणीवाला दारात आला तेव्हा शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक तिथेच उभे होते. ज्यांच्या तोंडावर कोणी खोटं बोलू नये आणि खरंही बोलू धजू नये, अशा माणसांपैकी ते एक. मोजणीवाल्याने विचारलं, "आई इथेच राहतात ना कायमच्या?" मुख्याध्यापकच परस्पर म्हणाले, "म्हणजे काय? असा मुलगा आईला लांब ठेवील का?" आता यावर काय सांगायचं? की आई उजाड गावात एकटी राहते, मी महिन्याकाठी फेरी मारतो, तीही जमलं तर? आरेखक म्हणाला, "हो. इथेच असते." एवढंच. मोजणीवाला पुढच्या दारी गेला. तिकडे गावात दुसऱ्या मोजणीवाल्याला सगळ्या दारांना कुलपं दिसली, आणि तोही आपल्या वाटेने गेला.

साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "आईंना घेऊन या. मी गावीच राहते, एवढं माझ्यासमोर सांगू देत. दुरुस्ती मी वर पाठवतो. नाहीतर बघा, वस्ती नाही म्हटल्यावर विजेची तार निघेल, एस.टी. थांबायची नाही. म्हाताऱ्या माणसाने मग तिथे राहायचं कसं?" जरा थांबून ते पुढे म्हणाले, "मात्र त्यांचं नाव दुसरीकडे कोणी लावलं, हे ओघाने विचारावं लागेल. मुख्य आरेखकासाठी तुमचं नाव वर गेलंय. या वेळी तुमच्याबद्दल काही वाकडं जाऊ नये, एवढंच मला वाटतं."

रविवारी तो गावी गेला. फाट्यावर उतरून चालत निघाला. छपरं खाली आलेली घरं दोन्ही अंगांना रांगेत उभी होती. आईच्या घरापुढचं अंगण तेवढं लख्ख झाडलेलं होतं. साऱ्या गावात केर करायला ती एकटी, त्यामुळे तिचा केर शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोचायचा.

"आलास? बरं झालं," आई म्हणाली. "परवा दोन माणसं आली होती. दारासमोरच्या खांबावर फुली मारून गेली. विचारलं, काय रे बाबांनो? तर म्हणे, आजी, या गावात कोणी राहत नाही. म्हटलं, मग तुम्ही आता बोलताय कोणाशी?"

"मग काय म्हणाले?"

"काय म्हणणार? पाणी मागितलं, प्यायले, गेले."

त्याने सगळं सांगितलं. साहेब, नकाशा, दुरुस्ती. दारात उभं राहून आपण मोजणीवाल्याला काय सांगितलं ते मात्र तो गाळून गेला. "कुठेतरी गफलत झाली," असं म्हणाला. आईने हातातलं धान्य निवडत निवडत विचारलं, "आणि तुझं काय?"

"माझं काय व्हायचंय? विचारतील चार प्रश्न."

"ती वरची जागा मिळायची होती ना तुला?"

"ती काय, गेली तर गेली."

"तोंड बघ आरशात, म्हणे गेली तर गेली." ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "पट्टी डोळ्याला होती रे माझ्या. कानाला नव्हती."

एवढं म्हणून ती पुढची मूठ निवडायला लागली, आणि ते त्याला ओरडण्याहून जड गेलं.

सकाळी निघताना तिने कोंबड्या नदीकाठी उतरलेल्या मेंढपाळाला देऊन टाकल्या. आरेखक म्हणाला, "आई, उद्या परत येणार आहेस. दोन दिवसांसाठी कशाला?"

"दोन दिवस काय आणि जास्त काय, कोंबड्यांना थोडंच मोजता येतं?"

तेव्हाच त्याला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. कळलेल्या गोष्टी न कळल्यासारख्या करायची सवय त्याला कचेरीनेच लावली होती.

साहेबांनी आईला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. ती खुर्चीच्या कडेवर बसली. नवा डोळा जरा पाणावत होता, तो पदराने टिपत तिने समोरचा नकाशा न्याहाळला.

"हे सगळं यानेच काढलं?"

"सगळं त्यांनीच," साहेब म्हणाले. "साऱ्या खात्यात असा हात नाही."

"लहानपणी याला साधी रेघ मारता यायची नाही. होडी काढायचा ती केळ्यासारखी दिसायची." हेडक्लार्क हसले. आई हसली नाही.

"आजी, आता मला सांगा," साहेब म्हणाले. "तुम्ही कायमच्या राहता कुठे? गावी की मुलाकडे?"

आईने मान वळवून मुलाकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती वाट बघत होती, जेवायला बसलेल्या माणसाला अजून काही हवं का म्हणून बघावं, तशी. मधे बोलायला भरपूर जागा होती. साहेब, चूक माझी, आई गावीच असते. इतकंच म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं, रात्रीपासून घोकलेलंही होतं. त्याने टेबलावरची पट्टी सरळ केली.

"मुलाकडे," आई म्हणाली. "मुलाकडेच असते मी."

"पण हे तर म्हणाले, तुम्ही तिथे एकट्या..."

"त्याला आपलं वाटतं तसं. जाते मधूनमधून झाडलोट करायला. रिकामं घर, किडामुंगी होते." मग तिने हात जोडले. "असा मुलगा असताना मी कशाला राहीन तिकडे?"

साहेबांचा चेहरा मोकळा झाला. दुरुस्ती नको, विचारणा नको. "म्हणजे प्रश्नच मिटला," ते म्हणाले. हेडक्लार्कांनी चहा मागवला. आईने घेतला नाही, बाहेरच्या बाकावर जाऊन बसते म्हणाली.

आरेखकाने दाढीच्या पात्याचं अर्धुक बोटांत धरलं. नकाशाच्या तलम कापडावर सुकलेली शाई ओल्या फडक्याने निघत नाही, ती पात्याने खरवडावी लागते. हात हलका हवा, नाहीतर कापडाला भोक पडतं. मग खरवडलेली जागा नखाने घोटायची, म्हणजे पुढे तिथे शाई फुटत नाही. त्याने एकेक अक्षर सावकाश काढलं, वरच्या रेघेसकट. शेवटी नदीकाठचा ठिपका काढला. भुकटी फुंकरीने उडवली.

साहेबांनी कापड उजेडापुढे धरून पाहिलं. "वा. इथे कधी काही होतं असं वाटतसुद्धा नाही."

तो बाहेर आला. त्याच्या बायकोला अजून काहीच ठाऊक नव्हतं. दोन खोल्यांत आईची वळकटी कुठे मावायची, मधल्या बोळात की पलंगाखाली, याचा विचार त्याच्या डोक्यात चालू होता आणि त्याचीच त्याला शरम वाटत होती. मोठ्या पदाची गोष्टही तिथेच कुठेतरी होती, आणि तिची पुरेशी शरम वाटत नव्हती.

आई गाठोडं मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. तो दिसताच उठली, गाठोडं काखेला मारलं आणि फाटकातून बाहेर पडून डावीकडे चालू लागली. एस.टी. स्टँड तिकडे होतं. या शहरात तेवढाच एक रस्ता तिला पाठ होता. पाचदहा पावलं ती अगदी झपाझप गेली.

मग थांबली. वळून त्याच्यापाशी परत आली, आणि त्याला वाट देण्यासाठी जरा बाजूला सरकली.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "मला घर सापडायचं नाही."